.२२ रायफलचं बॅरल लांब असलं तर वाऱ्यात गोळी कमी सरकते का?

तुमची मुलगी ५० मीटर प्रोन (पालथं झोपून नेमबाजी) मारते, वाऱ्याच्या दिवशी शॉट बाजूला जातात आणि क्लबातले लोक लांब बॅरल घ्यायला सांगतायत, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून त्यात पैसे घालू नका. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर मी बरीच वर्षं .२२ (०.२२ इंच व्यासाच्या गोळीची रायफल) मारलीय, आणि सुरुवातीला माझाही हाच समज होता.

वारा गोळीला किती सरकवतो, हे वाटेत तिचा वेग किती पडला यावर ठरतं. मॅचची, म्हणजे स्पर्धेची, गोळी साधारण ३३० मीटर प्रति सेकंद वेगानं सुटते. हवेनं तिला अडवलंच नसतं तर ५० मीटरला ०.१५२ सेकंद लागले असते. प्रत्यक्षात लागतात ०.१५८ च्या आसपास. या फरकाला वाऱ्याच्या वेगानं गुणा. ४ मीटर प्रति सेकंद आडवा वारा असेल तर जवळजवळ अडीच सेंटीमीटर! टार्गेटवरच्या दहा गुणांच्या रिंगचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर, त्यामुळे मधोमध सुटलेला शॉट आठ-सातच्या सीमेवर जाऊन बसतो.

म्हणून 'हाय व्हेलॉसिटी गोळी वापरा' हा सल्लाही उलटा पडतो. ती आवाजाच्या वेगापेक्षा जोरात सुटते, तिथे हवेचा अडथळा एकदम वाढतो, ती झपाट्यानं मंदावते आणि लवकर पोचूनही जास्त सरकते. हे मला पटायला पूर्ण एक पावसाळा लागला.

आता बॅरल. .२२ च्या काडतुसात दारू इतकी थोडी, की साधारण ४० सेंटीमीटरपर्यंत तिचं काम आटोपतं. पुढे नुसतं घर्षण. मॅच रायफल लांब दिसतात त्या नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साइटमधलं अंतर वाढवण्यासाठी. त्याकरता काही जण बॅरलपुढे पोकळ नळीसुद्धा जोडतात. .३०८ सारख्या मोठ्या बोअरमध्ये (जाड नळीच्या रायफलमध्ये) मात्र बॅरलच्या दर इंचाला सहा-आठ मीटर प्रति सेकंद वेग मिळतो. पण तिथेही खरा फरक गोळीच्या घडणीनं पडतो: लांब, टोकदार, मागे निमुळती होत गेलेली 'बोट-टेल' गोळी वेग टिकवून धरते. अशा लांब गोळीला बॅरलमधले आटे (गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा) जास्त घट्ट पिळाचे लागतात, नाहीतर ती हवेत डगमगते. .२२ ची शिशाची बोथट गोळी नियमानंच ठरलेली, तिथे निवड उरते ती लॉटची, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या गोळ्यांच्या खेपेची. दोन-तीन लॉट मुलीच्याच रायफलमधून मारून बघा आणि सर्वांत घट्ट ग्रुप देणारा, म्हणजे शॉट एकमेकांच्या सर्वांत जवळ पाडणारा, साठवून ठेवा.

बाकी सगळं वारा दाखवणारे झेंडे वाचण्यात आहे. ५० मीटर रेंजवर ते १० आणि ३० मीटरवर असतात. जवळचा आधी बघायला शिकवा, कारण सुरुवातीला मिळालेला धक्का पुढच्या सगळ्या वाटेवर वाढत जातो. आणि शॉट सरळ आडवा सरकत नाही: उजव्या पिळाच्या (आटे उजवीकडे वळणाऱ्या) बॅरलमध्ये उजवीकडून वारा आला की तो डावीकडे आणि थोडा वर जातो, डावीकडून आला की उजवीकडे आणि थोडा खाली. त्यामुळे साइटचे क्लिक (नेम सरकवायचे टप्पे) देताना आडव्याबरोबर एखादा उभाही लागतो.