‘पोकूवर आलाय, मुळूला सोड’

सांगलीच्या एका वाचकाच्या आजोबांची गणपती पेठेत आडत होती. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाच ते भागीदाराला म्हणायचे, ‘पोकूवर आलाय, मुळूला सोड.’ हे शब्द कानडी आहेत का, असं नातवानं विचारलं आहे.

कानडी नाहीत. आपल्या भागात न कळणारा शब्द कानावर पडला की तो कानडीच असणार, असं आपण धरून चालतो. पण कानडीत चार म्हणजे नाल्कु आणि पाच म्हणजे ऐदु. मूरु आणि मुळू कानाला जवळचे वाटतात खरे, पण मूरु तीन आणि आजोबांचा मुळू पाच.

ही नंदभाषा, म्हणजे व्यापाऱ्यांची आणि दलालांची गुप्त बोली. केवली एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ, अंगुळू दहा. वीसाला काटी, हजाराला ढकार. तेव्हा आजोबा म्हणत होते, ‘चारवर आलाय, पाचला सोड.’ चार शेकडे की चार हजार, ते समोरच्या मालावरून भागीदाराला कळायचंच.

लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोलायचो. तिच्यात शब्दाचं पहिलं अक्षर मागं जातं आणि त्याच्या जागी च येतो. नियम सापडला की घटकाभरात उलगडते. नंदभाषेला असा नियमच नाही. पोकू म्हणजे चार हे कुणीतरी सांगावंच लागतं, आणि सांगणारा पेढीवरचाच माणूस. पण प्रत्यय बघा: पोकूवर, मुळूला. सगळं वाक्य मराठी, झाकलेला असतो तो फक्त आकडा. मला या बोलीतली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

हिची थोरली बहीण करपल्लवी, बोटांची भाषा. खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांच्या बाजारात मी ती लहानपणी पाहिली. दोघांच्या हातांवर एक टॉवेल. खाली एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. वरून नुसत्या माना हलत होत्या, एक ‘नाही’ म्हणत होती, दुसरी ‘बघा की’ म्हणत होती. भोवती एवढी माणसं उभी, पण आकडा दोघांनाच ठाऊक.

आता नातवाला मुद्दाम सांगतो. हे शब्द नुसते बाजारातले नाहीत. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांचा एक अभंग याच बोलीत आहे. त्यांचा शंकर मुळू तोंडांचा, उधानू डोळ्यांचा, अंगुळू हातांचा आहे. त्याचं वर्णन करताना ढकार तोंडांचा शेष थकतो, शेली म्हणजे सहा शास्त्रं वेडावतात, पोकू म्हणजे चार वेद गप्प होतात, अंगुळू मंगी म्हणजे अठरा पुराणंही हरतात. शेवटी विसोबा आवारू जोडून शरण जातात, म्हणजे दोन्ही हात जोडून. भाव लपवायला जे शब्द दुकानात वापरायचे, तेच त्यांनी देवापुढं ठेवले.

प्रत्येक पेठेत उच्चार थोडे बदलतात. आजी असतील तर त्यांना अकरापासून पुढचे आकडे विचारा, आणि त्या म्हणतील तसेच, न सुधारता, लिहून ठेवा.