यादी कुणाच्या हातात आहे? वाचकांचे प्रश्न, प्रायव्हसी आणि सायबर गुन्ह्यांबद्दल

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षक, जुळे सोलापूरला राहतो. प्रायव्हसीवर हल्ली सारखं काहीतरी छापून येतं. माझ्याकडं लपवण्यासारखं काहीच नाही, मग मी हे का वाचायचं?

सर, आपल्या गावातली सेटलमेंट, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबलेली वस्ती, तुम्हाला माहितीच आहे, मी म्हणतो वाचायला तिथनंच सुरुवात करा. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा आणला, त्यात अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या, आणि पुढं आपल्याकडं त्यांना तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. रजिस्टरला नाव, बोटांचे ठसे, रोजची हजेरी, बाहेर जायचं तर पास. काल जन्मलेल्या पोराकडं लपवण्यासारखं काय असणार सांगा, पण त्याची जात यादीत होती एवढं पुरलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यानं सुटका झाली, पोलिसांचा संशय मात्र अजून त्या वस्त्यांची पाठ सोडत नाही.

म्हणून प्रश्न लपवण्याचा नाहीच हो. यादी कोण करतं, तुम्हाला कुठल्या खान्यात टाकतं आणि चुकीच्या खान्यात पडलात तर दाद कुणाकडं मागायची, हे बघायचं. २०१८ ला केंब्रिज अॅनालिटिका या निवडणूक प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं, तिथं फेसबुकवरच्या एका ॲपमधनं माहिती गोळा केली होती, त्यातली क्विझ खेळणारे होते साधारण तीन लाख आणि फेसबुकनंच कबूल केलं की ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली असेल, कारण खेळणाऱ्यांच्या मित्रांचीही उचलली होती. त्या मित्रांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि ती माहिती ही कंपनी निवडणुकीच्या प्रचाराला वापरायला निघाली होती.

प्रश्न : सर, मी बीसीएला आहे. या विषयात नीट वाचायचंय, यूट्यूबवर नुसती भीती घालतात. कुठनं सुरू करू?

मूळ कागद वाच. २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगणारा, नऊ न्यायाधीश, ५४७ पानं, सुप्रीम कोर्टाच्या साइटवर फुकट आहे. सगळी वाचू नकोस, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला भाग घे. ज्यांच्या नावानं हा निकाल ओळखतात ते के. एस. पुट्टस्वामी आपल्या शेजारच्या कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, २०१२ ला ८६ व्या वर्षी आधारच्या विरोधात कोर्टात गेले, मला या माणसाबद्दल फार आदर आहे. आणि याच निकालात धनंजय चंद्रचूड यांनी १९७६ चा आणीबाणीतला निकाल, आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही असं म्हणणारा, मोडीत काढलाय, ज्यावर त्यांच्या वडिलांची, यशवंतराव चंद्रचूड यांची सही होती. ती पानं दोनदा वाच.

मग २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, छोटाय, एका संध्याकाळी होतो. कलम १७ वर थांब, तिथं सरकारला आपल्याच यंत्रणांना या कायद्यातनं वगळायची मुभा आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथंच आहे. सायबर गुन्ह्यांचं वाचायचं तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा २०१८ चा हल्ला बघ, दोन दिवसांत ९४ कोटी गेले, बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधनं पैसे काढले.

प्रश्न : मी गारमेंटमध्ये शिलाईला आहे. ॲपवरनं छोटं कर्ज घेतलं, फेडलं, तरी फोन येतात. आता नणंदेला आणि मालकाला माझा फोटो घाण करून पाठवलाय.

ताई, यात तुमची चूक नाही, आणि यापुढं एक रुपयाही देऊ नका. ॲप लगेच काढून टाकू नका. आधी मेसेज, नंबर, फेडल्याच्या यूपीआय पावत्या, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, नणंदेकडनं आणि मालकाकडनंही मागून घ्या, मग सेटिंगमध्ये जाऊन ॲपच्या परवानग्या बंद करा आणि नंतर ते काढा. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ लाच सांगितलंय की कर्जाच्या ॲपनं काँटॅक्ट, कॉल लॉग, फोटो यांना हातच लावायचा नाही, कॅमेरा-लोकेशनसुद्धा केवायसीपुरतं एकदाच, तेही तुम्हाला विचारून. तक्रार नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर करा. बायकांच्या तक्रारी तिथं नाव न देताही घेतात, पण तुम्हाला तपास हवाय ना, तर नाव देऊनच करा. ॲपवाल्यांची वेगळी तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर.

प्रश्न : वडिलांना काल सीबीआयच्या नावानं व्हिडिओ कॉल आला, "डिजिटल अरेस्ट" म्हणाले, रात्रभर कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि पैसे भरून घेतले. आता काय?

हे वाचायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. सोलापूरकराला हा नंबर विसरायचं कारण नाही, इंग्रजांनी आपल्या गावात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला ते साल आहे. डिजिटल अरेस्ट असलं काही आपल्या कायद्यात नाहीच, व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नसते. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत थांबवले तरच परत मिळायची आशा, म्हणून फोन झाला की तक्रारीचा नंबर घेऊन तडक बँकेत जा आणि लेखी द्या. आणि वडिलांना बोलू नका हो, ते आधीच खचले असतील. फोन करताना त्यांना शेजारी बसवा, कारण किती वाजता, कुठल्या खात्यावर, किती पाठवले हे पोलीस विचारणार आणि ते फक्त त्यांनाच माहितीय.