नाव न दाखवता विकलेली स्वस्त खोली: पैसे आत्ताच भरावेत का?

प्रश्न (खानापूरचे एक निवृत्त शिक्षक): मुलगा न्यू जर्सीत शिकतो. मेअखेर त्याच्या पदवीदानाला आम्ही दोघं जाणार आहोत. नंतर न्यूयॉर्कला ४ आणि लास वेगासला ३ रात्री राहायचं आहे. पुतण्या म्हणतो, बोली लावायच्या साइटवर २२० डॉलरची खोली १५० ला पडते, वेगासची ६० ची ४५ ला. पैसे आत्ताच भरायचे, परत मिळत नाहीत. व्हिसाची मुलाखत मुंबईला व्हायची आहे. सोसायटीतली ठेव मोडून भरू का?

उत्तर: ठेव मोडू नका. व्हिसाचा शिक्का बसलेला पासपोर्ट हातात येईपर्यंत परत न मिळणारा एक डॉलरही भरू नका. त्यानंतर न्यूयॉर्कची खोली या मार्गाने घ्यायला माझी हरकत नाही. वेगासची मात्र घेऊ नका.

पुतण्या सांगतो ती बोली जुनी झाली. प्राइसलाइन या अमेरिकन साइटने १९९८ मध्ये ती सुरू केली होती. शहराचा भाग आणि तारे निवडायचे, आपला भाव टाकायचा, कार्डाचा नंबर द्यायचा. एखाद्या हॉटेलाने भाव मान्य केला की पैसे लगेच कापले जायचे. नाकारला तर तोच भाग आणि तेच तारे ठेवून २४ तास पुन्हा बोली लावता यायची नाही. खोल्यांसाठी ही सोय तिथे आता नाही. आता भाव साइटच ठरवते आणि पैसे भरेपर्यंत नाव झाकून ठेवते. प्राइसलाइनवर त्याला ‘एक्स्प्रेस डील’ म्हणतात, हॉटवायर या तशाच दुसऱ्या साइटवर ‘हॉट रेट’. आपल्या मार्केट यार्डातल्या सौद्यात व्यापारी पोतं फोडून माल बघतो. इथे पोतं बंदच असतं, वरची चिठ्ठी तेवढी वाचायची. हॉटेलवाले हे करतात कारण आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, आणि नाव दाखवून भाव पाडला तर पूर्ण भाडं भरणारं गिऱ्हाईकही तोच भाव मागेल.

म्हणजे तुम्हाला मिळणारी सवलत ही दोन हक्क सोडल्याची किंमत आहे: हॉटेल निवडण्याचा आणि रद्द करण्याचा. ती पुरेशी आहे का, हे आकड्यांत बघू. रद्द करता येणारी खोली ४ रात्रींना ८८० डॉलर, झाकलेली ६००. वाचले २८०, म्हणजे सुमारे ३२ टक्के. जाणं रद्द होण्याची शक्यता ३२ टक्क्यांहून कमी असेल तर झाकलेली खोली परवडते, जास्त असेल तर नाही. सवलतीची टक्केवारी हीच सीमा. आज व्हिसा नाही, तिकीट नाही. शक्यता किती, ते कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. आणि फसलं तर डॉलर ९० रुपये धरून ५४,००० रुपये जातात. पेन्शनवर चालणाऱ्या घराला हा धक्का लहान नाही. व्हिसा आणि तिकीट झालं की उरतं ते आजारपण किंवा घरातली अडचण. ती शक्यता ३२ टक्क्यांच्या खूप खाली असते, तेव्हा सौदा तुमच्या बाजूने झुकतो.

वेगासचं गणित वेगळं, कारण तिथली बहुतेक मोठी हॉटेलं भाड्याशिवाय रोजची ‘रिसॉर्ट फी’ घेतात आणि ती बऱ्याचदा काउंटरवर भरावी लागते. दोन्ही भावांत ४५ डॉलर फी मिळवली तर रात्रीला १०५ ऐवजी ९० पडतात. २५ टक्के वाटणारी सवलत प्रत्यक्षात १४ टक्के निघते. तेवढ्यासाठी रद्द करण्याचा हक्क सोडू नये. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत अशी सक्तीची फी जाहिरातीतल्या भावात धरून दाखवणं बंधनकारक आहे, पण सरकारी कर त्यात नसला तरी चालतो. न्यूयॉर्क शहरात तो भाड्याच्या १४.७५ टक्के आणि शिवाय दर रात्री साडेतीन डॉलर होतो. म्हणून तुलना नेहमी शेवटच्या पानावरच्या रकमेची करा.

आता काय करायचं ते सांगतो. दोन्ही शहरांत फुकट रद्द करता येणारी, पैसे हॉटेलातच भरायची खोली आजच धरून ठेवा. यात आज काहीच भरावं लागत नाही, म्हणून ठेवीचा प्रश्नच उरत नाही. रद्द करायची शेवटची तारीख आणि वेळ वहीत लिहा. ती वेळ तिथली असते आणि जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. निघण्याआधी दोन-तीन आठवडे झाकलेले भाव बघायला लागा. तारे, पाहुण्यांनी दिलेले गुण आणि सोयींची यादी उघड्या यादीतल्या हॉटेलांशी ताडून पाहिली तर नावाचा अंदाज बऱ्याचदा बांधता येतो. शहराचा भाग मात्र नकाशावर नीट बघा. एकेक भाग मोठा असतो आणि कुणाचे गुडघे दुखत असतील तर भुयारी रेल्वेच्या जिन्यांचा त्रास वाचलेल्या डॉलरपेक्षा महाग पडेल. करासकट निदान २५ टक्के वाचत असतील तरच घ्या, आणि नवी पावती हातात आल्यावरच जुनी खोली रद्द करा. उलट क्रमाने केलंत तर दोन्ही हातचं जाईल.

अशा खोलीत साधारण दोन मोठ्या माणसांचीच हमी असते. एक पलंग की दोन, हे हॉटेल ठरवतं. मुलगाही राहणार असेल तर ही पद्धत सोडा.

पैसे मुलाच्या तिथल्या कार्डावरून भरा. आपल्याकडच्या कार्डावर परदेशी खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ६०० डॉलरवर ते सव्वादोन हजार रुपये होतात. पाहुण्याचं नाव मात्र तुमच्या पासपोर्टवर आहे तसंच घाला. काउंटरवर अनामत म्हणून रक्कम अडकवायला हॉटेल कार्ड मागतं. तिथे डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं) दिलंत तर खर्चाचेच पैसे खोली सोडल्यावरही काही दिवस अडकून राहतात. क्रेडिट कार्ड द्या आणि निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये त्याचा परदेशी वापर चालू करा. नव्या कार्डांवर तो बंदच असतो.

न्यूयॉर्कहून वेगासला जाताना किंवा मुलाकडून न्यूयॉर्कला येताना पहिली रात्र चुकणार असं दिसलं, तर हॉटेलला आधी फोन करून उशिरा येतोय असं सांगा आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव टिपून ठेवा. न कळवता पहिल्या रात्री पाहुणा आला नाही तर पुष्कळ हॉटेलं पुढच्या सगळ्या रात्री रद्द करतात, आणि झाकलेल्या खोलीचे पैसे त्याबरोबरच जातात.