पत्रातल्या त्या चार ओळी

(पत्र मोठे आहे, पत्रलेखकाची ओळख राहणार नाही अशा बेताने त्याचा आवश्यक भाग येथे देत आहे.)

आदरणीय ताई,

मी उदगीर परिसरातल्या एका खेड्यात राहतो. 1998 साली दहावी झालो, तेव्हा शाळेत दुसरा आलो होतो. पुढे पशुवैद्यकाच्या पदवीचा प्रवेश थोडक्या गुणांनी हुकला. घरची परिस्थिती पाहून पदविका केली. आज दहा-बारा गावांत दुचाकीवरून फिरून जनावरांची सेवा करतो आणि जोडीला पाच एकर कोरडवाहू जमिनीत सोयाबीन व तूर घेतो. 2022 साली जनावरांत लम्पी या त्वचारोगाची साथ आली, तेव्हा लसीकरणाच्या कामामुळे महिनाभर घरी धड जेवणही झाले नव्हते.

या दिवाळीत आमच्या दहावीच्या वर्गाचा स्नेहमेळावा झाला. एकेक जण उठून आपली ओळख सांगत होता. कुणी पुण्यात हृदयरोगतज्ज्ञ, कुणी बंगळुरूला संगणक कंपनीत, एक मैत्रीण तहसीलदार. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून निघून गेले की, मी पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी पशुवैद्यक आहे. टाळ्या पडल्या. मागच्या खुर्चीवर माझा मुलगा बसला होता. तो अकरावीत आहे आणि लातूरला खोली घेऊन नीटची तयारी करतो. घरी येताना तो काही बोलला नाही, आणि त्या विषयावर अजूनही बोललेला नाही.

त्याच रात्री शेजारच्या वस्तीवर पहिलारू देवणी गाय अडल्याचा निरोप आला. मेळाव्याच्याच कपड्यांवर गेलो. वासराचा पुढचा पाय आत मुडपलेला होता. ते माझ्या आवाक्यातले नव्हते, म्हणून सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना उठवले आणि ते येईपर्यंत गाय सांभाळली. दोन्ही जीव वाचले.

आता मेळाव्यातला एक मित्र त्याच्या भावाच्या मेलेल्या म्हशीच्या विम्यासाठी माझ्याकडे दाखला मागतो आहे आणि मी त्याचा फोन उचलत नाही. गावातली उधारी वसूल होत नाही, मुलाच्या शिकवणीचा हप्ता थकला आहे आणि रात्री झोप लागत नाही. ताई, मी आयुष्यात नापास झालो का?

— एक वाचक

प्रिय भाऊ,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. मूळ पत्रात मेळाव्याचे वर्णन दोन पाने भरून आहे: कोण कोणत्या गाडीतून आला, कुणाच्या मनगटावर कसले घड्याळ होते, टाळ्या कुणाला किती पडल्या. गायीची हकिकत मात्र तुम्ही चार ओळींत उरकली आहे. तिसऱ्या वाचनाच्या वेळी मी मेळाव्याची पाने बाजूला ठेवली आणि त्या चार ओळीच पुन्हा पुन्हा वाचत बसले, कारण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथे तुमच्याच हाताने लिहिलेले आहे आणि ते तुम्हालाच दिसलेले नाही.

त्या रात्री तुम्ही काय केले ते पाहू. वासराचा पाय मुडपलेला आहे हे तुम्ही ओळखले. त्या क्षणी मालक घाबरलेला असतो, गाय कळा देऊन थकलेली असते आणि चार माणसे दोर लावून ओढायला तयार उभी असतात. अशा वेळी आंधळेपणाने ओढले, तर गर्भाशयाला इजा होऊन गाय आणि वासरू दोघेही जाऊ शकतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तुम्ही ओढू दिले नाही. आपल्या पदविकेची मर्यादा कुठे संपते हे चार लोकांसमोर मान्य करून तुम्ही डॉक्टरांना बोलावले. म्हणजे ज्या संध्याकाळी सभागृहात तुम्ही स्वतःला अधिकारी म्हणवून घेतले, त्याच रात्री गोठ्यात, जिथे खोट्या मोठेपणाने एक मुका जीव गेला असता, तिथे तुम्ही स्वतःला आहात तेवढेच म्हणवून घेतले. ‘माझ्या आवाक्यातले नव्हते’ हे शब्द तुम्ही कमीपणाच्या सुरात लिहिले आहेत. मी मात्र यश या शब्दाचा अर्थ शोधायला निघाले, तर तिथूनच सुरुवात करीन. आपल्यावर विसंबलेल्याचा विश्वास आपल्या हातून वाया जात नाही, आणि आपण दिवसभर काय करतो हे आपल्या लेकरासमोर आवाज न उतरवता सांगता येते, एवढे ज्याला साधले त्याला मी यशस्वी मानते. यातले पहिले तुम्हाला साधलेले आहे. दुसरे त्या संध्याकाळी हातून निसटले.

पैशाला काही किंमत नसते, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मराठवाड्यात राहून आणि कोरडवाहू शेतीवरची घरे जवळून पाहून असे बोलणे हा अपराध ठरेल. शिकवणीचा थकलेला हप्ता खरा आहे आणि त्याची चिंताही खरी आहे. अपयशाने सुरुवात करून पुढे कीर्ती मिळवलेल्या थोरांची उदाहरणेही मी देणार नाही, कारण त्या गोष्टी सांगताना आपण शेवटी मोजायला कीर्तीचाच गज वापरतो, आणि ज्याला कीर्ती मिळाली नाही तो होता तिथेच राहतो.

त्याऐवजी आपल्याच मुलखातली एक आख्यायिका तुमच्यापुढे ठेवते. धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळी जमली असताना मडकी थापटण्याचे थापटणे हाती घेऊन गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. सगळे शांत बसले. नरसीचे नामदेव मात्र दुखावले, आणि काकांनी निवाडा दिला की हे मडके कच्चे आहे. त्या मंडळीत विठ्ठलाचा लाडका म्हणून नामदेवांचा मान फार मोठा होता. त्या मानालाच तो धक्का लागला होता. कच्चे याचा अर्थ फुटके असा नव्हे, हे कुंभाराच्या बोलण्यात गृहीतच असते. नामदेव रुसून बसले, पण रुसव्यात राहिले नाहीत. ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि जे शिकायचे राहिले होते ते शिकले. भाऊ, तुमच्या स्नेहमेळाव्यातही एक थापटणे फिरले. तुमच्यावर ते पडले तेव्हा आवाज कच्चा निघाला. यावरून तुमच्या सगळ्या आयुष्याचा निकाल लागत नाही. एक काम राहून गेले आहे एवढेच त्यातून कळते.

ते काम तुमच्या मुलापासून सुरू होते. या पत्रातली मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट त्याचे गप्प राहणे ही आहे. लातूरच्या त्या खोलीत तो 720 गुणांच्या एका परीक्षेसाठी दिवसाचे किती तास बसत असेल, याची कल्पना तुम्हाला आहे. 2024 साली देशभरातून 23 लाखांहून अधिक मुले ही परीक्षा द्यायला बसली होती आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याच पुढे होत्या. आपला मुलगा त्या लाखात असावा असे प्रत्येक आईबापाला वाटते आणि तसे वाटण्यात काही गैर नाही. परंतु उरलेल्या बावीस लाख मुलांनी आयुष्यभर काय म्हणून जगायचे, हा प्रश्न लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांतून मोठ्याने विचारला जात नाही. तुमच्या मुलाने त्या संध्याकाळी त्याचे एक उत्तर ऐकले. आपल्या बापाचे गुण थोडक्यात हुकले होते आणि त्याला इतक्या वर्षांनीही खरे काम लपवावे लागते, हे ते उत्तर. आपले गुण हुकले तर आपल्यालाही असेच लपावे लागेल, एवढा हिशेब अकरावीतल्या मुलाला सहज करता येतो. तुम्ही त्याच्यावर कधी ओझे टाकले नसेल, एखादा कठोर शब्दही उच्चारला नसेल. तरी त्या एका वाक्याने ते ओझे त्याच्या पाठीवर गेले आहे, आणि ते उतरवण्याचे काम तुमच्याशिवाय कुणीही करू शकत नाही.

म्हणून येत्या रविवारी लातूरला जा. फोनवर हे बोलू नका. त्याला उपदेश करू नका, मेळाव्यातल्या इतरांविषयी काही बोलू नका आणि ‘तुझ्यासाठीच केले’ असे तर मुळीच म्हणू नका. ‘त्या दिवशी मी खोटे बोललो, मला माझ्या कामाची लाज वाटली आणि ती लाज चुकीची होती,’ एवढे सांगा आणि थांबा. तो रागावला तर रागावू द्या. रडला तर त्याच्याजवळ बसा. त्यानंतर, त्याला ऐकायचे असेल तरच, त्या गायीची गोष्ट त्याला सांगा आणि या वेळी चार ओळींत उरकू नका. लम्पीच्या महिन्याचीही सांगा. जनावरांचे बाजार बंद होते, डास आणि गोचिडांनी पसरणाऱ्या त्या रोगाने दावणीला बांधलेली कमाई डोळ्यांदेखत जात होती, आणि त्या दिवसांत तुम्ही गोठ्या-गोठ्यांतून लस घेऊन फिरत होता. त्या वेळी तो शाळकरी होता. बाप घरी जेवायला का येत नाही, एवढेच त्याला दिसले असेल.

दुसरे काम याहून कमी नाजूक, पण अधिक तातडीचे आहे. विम्याच्या दाव्याला लागणारा मृत्यूचा दाखला नोंदणीकृत पशुवैद्यकानेच द्यायचा असतो. तुमच्याकडून तो मिळेल या भरवशावर तो मित्र आणि त्याचा भाऊ थांबून राहिले असतील, तर तुमच्या न उचललेल्या प्रत्येक फोनागणिक एका शेतकऱ्याचे नुकसान होते आहे. मेळाव्यातले खोटे तोवर केवळ तुमचे होते. आता ते दुसऱ्याच्या दावणीपर्यंत पोचले आहे आणि इथे मी तुम्हाला कोणतीही सूट देऊ शकत नाही. हे वाचून होताच त्याला फोन करा, आपण अधिकारी नाही हे स्पष्ट सांगा, क्षमा मागा आणि त्याच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात लगेच कळवण्यास सांगा. तो कदाचित ही गोष्ट सगळ्या वर्गाला सांगेल. सांगू द्या. त्याआधी तुम्हीच वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन सरळ वाक्ये लिहिलीत, तर तुमचे मन लवकर हलके होईल असे मला वाटते. पण दाखल्याचा फोन आधी.

उधारीविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे. मला त्यावर थोडे रागावून लिहायचे आहे. ‘सुगी झाली की देतो’ हे वाक्य तुम्ही कित्येक सुग्या ऐकत आला आहात. गावकऱ्यांची अडचण समजून थांबणे हा चांगुलपणा आहे, परंतु ज्यांच्या घरी सोयाबीनचे पैसे आले आणि नवी मोटारसायकलही आली, त्यांच्याकडेही संकोचाने न मागणे याला मी चांगुलपणा म्हणणार नाही. आपल्या कामाचे मोल मागायला तुम्हाला जड जाते आणि चारचौघांत त्या कामाचे नाव घ्यायलाही जड जाते, या दोन्हींचे मूळ मला एकच दिसते. वहिनींना बरोबर घेऊन एक वही घाला. कुणाकडे किती, कधीपासून, आणि त्यांतले खरोखर अडलेले कोण, हे दोघांनी मिळून ठरवा. अडलेल्यांना मुदत द्या, बाकीच्यांच्या दारात जा. हप्त्याची मुदत वाढवून मिळते का, हेही शिकवणीत जाऊन विचारा. यातून सगळी तूट भरून निघेल असे नाही, पण खरी तूट किती आणि मित्राच्या घड्याळाकडे पाहून वाटलेली तूट किती, हे वेगळे करून पाहता येईल. आज ती दोन्ही ओझी एकत्र बांधल्यामुळे तुम्हाला उचलवत नाहीत.

झोपेबद्दल एक स्पष्ट बोलते. मूळ पत्रात एका ठिकाणी तुम्ही रात्री उठून एकटेच गोठ्यात जाऊन बसत असल्याचे लिहिले आहे. आपल्या भागात अशा वाक्यावरून नजर सरकू देणे मला जमत नाही. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदाही मनात आला असेल, तर तो वहिनींना आजच सांगा आणि 14416 या क्रमांकावर फोन करा. ही शासनाची टेलिमानस सेवा आहे, ती मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. तसा विचार आलेला नसला, तरी पंधरा दिवसांत झोप पूर्ववत झाली नाही, तर लातूरच्या शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवून या. जनावर दोन दिवस वैरण खात नसेल, तर तुम्ही मालकाला वाट पाहू देत नाही. स्वतःच्या बाबतीतही तोच नियम लावा.

आणि आता येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, जवळ येते आहे. कडब्याची कोप घालून पांडवांची पूजा झाली की, ओळखीच्या-अनोळखीच्या कुणालाही शेतात जेवायला बोलावण्याची आपल्याकडची रीत आहे. मेळाव्यातले जे मित्र गावाकडे असतील, त्यांना भज्जी आणि आंबील खायला तुमच्या पाच एकरांत बोलवा. हृदयरोगतज्ज्ञ मित्रालाही बोलवा. त्याच्या यशात तुमच्याविरुद्ध काहीही नाही, आणि त्यालाही कदाचित खुर्चीवरच्या ओळखीपेक्षा कडब्याच्या कोपीतल्या गप्पा हव्या असतील. मुलाला त्या दिवशी सुटी घेऊन येऊ द्या. पाहुण्यांना तुमच्या कामाची ओळख करून द्यायची ती तुम्हीच द्या. मुलाला त्यासाठी पुढे करू नका. त्याच्याकडे आंबिलीचा तांब्या द्या, म्हणजे तो सगळ्यांच्या मधून फिरत राहील आणि ऐकेल.

माझ्या माहेरच्या दावणीला देवणी गाय होती, त्यामुळे एक गोष्ट विचारल्यावाचून राहवत नाही. त्या रात्री जन्मलेले वासरू काळ्या तोंडाचे वानेरा आहे, ठिपक्यांचे शेवरा आहे, की पांढरेशुभ्र बाळंक्या, हे तुम्ही लिहिलेच नाही. पुढच्या पत्रात अवश्य कळवा.

तुमची,
ताई