वाचकांचे प्रश्न : पाळणा सावकाश कसा फिरवावा?

प्रश्न : कालिका देवीच्या यात्रेतला आकाशपाळणा पाहून माझ्या मुलीने पुठ्ठ्याचा पाळणा केला आहे. त्याला चार पेन्सिल सेलवर चालणारी लहान मोटर थेट बसवली आहे. पण तो इतक्या वेगाने फिरतो की बाहुल्या उडून पडतात. मध्ये जुन्या रेडिओतला व्हॉल्यूम कंट्रोल जोडला, तर आधी पाळणा अडला आणि मग कंट्रोलमधून धूर निघाला. पंख्याचा रेग्युलेटर चालेल का?
— एक पालक, सातपूर, नाशिक

उत्तर : रेग्युलेटर जोडू नये, तो २३० व्होल्टच्या एसी पुरवठ्यासाठी असतो. व्हॉल्यूम कंट्रोल जळाला यात नवल नाही, कारण त्यातला कार्बनचा पट्टा क्षीण प्रवाहासाठी केलेला असतो. मात्र जाडजूड रेझिस्टर लावला असता, तरी पाळणा अडलाच असता.

मोटरचा वेग ढोबळमानाने व्होल्टेजवर आणि तिचा जोर प्रवाहावर ठरतो. समजा, मोटरच्या वेटोळ्याचा रोध २ ओहम आहे. सेलांचा अंतर्गत रोध सोडून दिला, तर ६ व्होल्टवर सुरू होताना ती ३ अँपिअर प्रवाह घेईल. पण मध्ये १० ओहमचा रेझिस्टर आला की अर्धाच अँपिअर मिळेल, म्हणजे नेमका पाळणा हलवण्याच्या क्षणी जोर एक षष्ठांश उरेल.

म्हणून प्रवाह अडवण्याऐवजी तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात आणि चालू राहण्याचा काळ कमी-जास्त करून वेग ठरवतात. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. निम्मा वेळ प्रवाह चालू ठेवला, तर वरच्याच मोटरला सुरुवातीला सरासरी सुमारे दीड अँपिअर मिळतो, आणि हे चालू-बंद करणारा मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असल्याने उष्णतेत फारसे काही वाया जात नाही. चालू-बंदचे ठोके देणारी ५५५ ही आयसी (चिप), १०० किलोओहमचा पॉट (खुंटी फिरवून रोध बदलता येणारा भाग) आणि एक मॉसफेट एवढ्यावर हे मंडल उभे राहते. मॉसफेट लॉजिक लेव्हलचा, म्हणजे कमी व्होल्टेजवरही पूर्ण चालू होणारा, उदाहरणार्थ आयआरएलझेड४४एन, घ्यावा, कारण ६ व्होल्टवर ५५५ कडून त्याच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला, साडेचार व्होल्टच्या आसपासच मिळतात. मोटरच्या दोन टोकांना १एन५८१९ हा डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) उलटा जोडण्यास विसरू नये. प्रवाह तुटताच वेटोळ्यात उसळणारे व्होल्टेज तो जिरवतो. मोटर बारीक शीळ घालू लागली, तर तो दोष समजू नये.

तरीही माझे मत विचाराल, तर आधी सोल्डरिंग गन बाजूला ठेवावी. अशी मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, आणि तुमच्या पाळण्याला दहाही पुरेत; एवढी तफावत एकट्या पीडब्ल्यूएमने भरून निघत नाही. मोटरच्या दांड्यावर १ सेंटिमीटरची कप्पी बसवून रबरबँडने २० सेंटिमीटर व्यासाचे चाक फिरवले, तर वेग विसाव्या हिश्श्यावर येतो आणि घर्षण वगळता जोर वीसपट होतो. अशा दोन पायऱ्या कराव्यात, किंवा दातेरी चाके आतच असलेली पिवळी बीओ मोटर आणावी. उरलासुरला वेग मग पॉटने जुळवावा. सेल रिचार्जेबल असतील, तर चारऐवजी पाच घ्यावेत, चारांचे ४.८ व्होल्टच होतात आणि साध्या ५५५ ला किमान साडेचार लागतात.