मोठ्या कॉर्पोरेट पेमेंट्स कंपनीत ऑपरेशन्सची ऑफर आहे. रोजचं काम नेमकं कसं असतं?

कंपनीच्या नावापेक्षा तुम्हाला कुठल्या टीममध्ये बसवणार आहेत ते आधी विचारून घ्या. ऑपरेशन्स या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळ्या नोकऱ्या असतात.

सगळ्यात जास्त माणसं लागतात रेकोला, म्हणजे रिकन्सिलिएशनला (बँकेचा आणि आपला हिशोब जुळवणं). बँकेचं स्टेटमेंट येतं (जुन्या फॉरमॅटमध्ये एमटी 940, नव्यात कॅम्ट 053), सिस्टिम ते लेजरशी (कंपनीच्या हिशोबवहीशी) जुळवते आणि जे जुळत नाही ते ‘ब्रेक’ म्हणून तुमच्या यादीत पडतं. बरेचसे ब्रेक साधे असतात: तारीख एका दिवसाने पुढे-मागे, बँकेने शुल्क वजा करून जमा केलेली रक्कम, विनिमय दराच्या राउंडिंगचे दोन-चार सेंट.

खरा त्रास यादीत न दिसणाऱ्या गोष्टींचा. ग्राहकाने परदेशी पुरवठादाराला 10,000 डॉलर पाठवले आणि पोचले 9,975. तुमच्या खात्यातून पूर्ण 10,000 गेलेत, म्हणून रेको हिरवीगार. पण शुल्काचा पर्याय एसएचए (शुल्क दोघांत वाटून) असेल तर मधल्या बँका आपला वाटा रकमेतूनच कापून घेतात. पुरवठादार इन्व्हॉइस बंद करत नाही आणि आठवड्याभराने तक्रार येते. अशा ग्राहकांसाठी ओयूआर पर्याय लावायचा असतो. मग शुल्क पाठवणाऱ्यावर पडतं, म्हणून ते आधी त्याच्याकडून मान्य करून घ्यावं लागतं.

दुसरी हमखास चूक म्हणजे टाइमआउट आला की पेमेंट फेल झालं असं धरून चालणं. उत्तर आलं नाही एवढाच त्याचा अर्थ. पैसे गेलेलेही असू शकतात. कुणीतरी घाईत नव्या रेफरन्सने परत पाठवतं आणि पेमेंट दोनदा जातं. आधी मूळ रेफरन्सने स्टेटस बघायचं, परत पाठवायचंच झालं तर तीच आयडेम्पोटन्सी की (विनंती दोनदा गेली तरी पेमेंट एकदाच होऊ देणारा ओळख-क्रमांक) वापरायची. एकदा जमा झालेले पैसे परत मागवायला सहसा घेणाऱ्याची संमती लागते, आणि जास्तीचे पैसे मिळालेला माणूस मेलला उत्तर द्यायची घाई करत नाही.

दिवसाची लय ठरते कट-ऑफवर, म्हणजे त्या दिवसाची पेमेंट्स पाठवायच्या शेवटच्या वेळेवर. मेकरने (पेमेंट भरणाऱ्याने) एंट्री वेळेत केली, पण चेकर (ती तपासून मंजूर करणारा) मीटिंगमध्ये बसला आणि वेळ टळली, की व्हॅल्यू डेट (पैसे ज्या दिवशीचे धरले जातात ती तारीख) दुसऱ्या दिवसावर जाते. पुढे वीकेंड असेल तर थेट सोमवारवर. त्यामुळे बॅकअप चेकर आहे का, हा इंटरव्ह्यूत विचारण्यासारखा प्रश्न आहे.

व्हर्च्युअल कार्डच्या (पुरवठादाराला पैसे द्यायला काढलेला नुसता कार्ड नंबर) टीममध्ये फोन जास्त. कार्ड ठरावीक रकमेचं आणि बहुधा एकदाच चालणारं असतं. पुरवठादाराने बिल दोन हप्त्यांत चार्ज केलं किंवा वर कार्ड फी लावली, की डिक्लाइन. तुम्हाला त्याला समजवावं लागतं, आणि तो कार्डने पैसे घेताना त्याच्याकडून कापल्या जाणाऱ्या टक्केवारीवरून भांडतो. (त्याचं फारसं चुकतही नाही.)

पुरवठादाराचं बँक खातं बदलण्याची विनंती आली तर खातरजमेचा फोन जुन्या रेकॉर्डमधल्या नंबरवरच करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच नाही. मोठे फ्रॉड इथूनच होतात, आणि चौकशीत ‘फोन कुणी केला, कुठल्या नंबरवर’ हेच पहिलं बघितलं जातं.

कम्प्लायन्सचं काम शांत, पण एकसुरी. निर्बंध यादीशी (ज्यांच्याशी व्यवहाराला बंदी आहे त्यांची यादी) नाव जुळलं की जन्मतारीख, देश, पत्ता ताडून बघायचा आणि अलर्ट का बंद केला ते लिहायचं. ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ (नाव जुळलं, पण माणूस तो नाही) एवढंच लिहून सोडलं तर ऑडिटमध्ये परत येतं.

सुट्ट्यांचं आधीच गृहीत धरा: महिनाअखेर आणि पुढचे दोन-तीन दिवस रजा मिळणं अवघड. यातल्या बऱ्याच कंपन्या इतर कंपन्या विकत घेत वाढलेल्या असतात, त्यामुळे एकच ग्राहक तीन सिस्टिममध्ये तीन नावांनी सापडतो आणि मधली जोडणी एक्सेलवर चालते.

म्हणून इंटरव्ह्यूत एवढं विचाराच: 30 दिवसांपेक्षा जुने ब्रेक किती आणि त्यावर माणसं किती? आकडा लगेच सांगितला तर तो मोठा असला तरी टीमला आपली परिस्थिती माहीत आहे. ‘त्यावर प्रोजेक्ट सुरू आहे’ असं म्हणाले, तर बहुधा त्या प्रोजेक्टसाठीच तुम्हाला घेतायत.