सेवाकार्यात तुम्ही कोणाला आदर्श मानता?

रेडक्रॉसचे प्रवर्तक हेन्री ड्युनांट यांना. ते ना डॉक्टर होते ना सैनिक. १८५९ मध्ये धंद्याच्या कामासाठी इटलीत गेले असता सोल्फेरिनोच्या लढाईतील जखमींचे हाल त्यांनी पाहिले आणि जवळच्या गावातील बायकांना हाताशी धरून, कोण कोणत्या बाजूचा हे न विचारता, पाणी पाजण्याचे आणि जखमा धुण्याचे काम सुरू केले.

२०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शिरले, तेव्हा छावणीत माझ्या वाट्याला टॉवेल वाटण्याचे काम आले आणि, खरे सांगायचे तर, मला ते कमीपणाचे वाटले होते. ओल्या लुगड्यात कुडकुडणाऱ्या एका आजींनी टॉवेल घेऊन आधी नातवाचे डोके पुसले, तेव्हा तो तोरा उतरला. ड्युनांट यांच्याविषयी मी वाचले ते त्यानंतर.